सरासरीच्या आड दडलेला पाऊस

पूर ओसरला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानी पडते : 'अभूतपूर्व पाऊस झाला, निसर्गापुढे कोणाचे काय चालणार?' मंत्री ते म्हणतात, अधिकारी ते म्हणतात आणि घरातला चिखल उपसताना आपणही तेच म्हणतो. हे वाक्य नम्रतेचे भासते. वस्तुतः ते जबाबदारी झटकणारे आहे. पाऊस आभाळातून येतो हे खरे. परंतु तो कोठे किती पडत आला आणि त्याच्या वाटेत कोण राहते, हे आज नकाशावर मांडता येते. ज्यांच्या हाती हा नकाशा आहे, त्यांनी निसर्गाकडे बोट दाखवू नये.

भारतीय हवामानशास्त्र विभागाने देशभरातील ६,९५५ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदींवरून १९०१ पासूनचा दररोजचा पाऊस चौकटींच्या नकाशावर उतरवला आहे. प्रत्येक चौकट पाव अंशाची, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर बाजूची. अशाच, परंतु मोठ्या चौकटींच्या नकाशावरून बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताचा १९५१ ते २००० या काळातील पाऊस तपासला. निष्कर्ष डोळे उघडणारा होता. पावसाळ्याची सरासरी फारशी बदलली नव्हती. मात्र अतिमुसळधार पावसाचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम पावसाचे घटले होते. वाढ आणि घट यांनी एकमेकींना झाकले होते. 'यंदा पाऊस सरासरीइतका' या बातमीवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सरासरी स्थळाच्या बाबतीतही तितकीच फसवी असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७४. दोहोंची सरासरी ५०९. असा पाऊस त्या दिवशी या दोहोंपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता! दोन केंद्रांच्या मधल्या जागेचा आकडा जवळपासच्या नोंदींवरून काढला जातो; म्हणून केंद्रे विरळ असतील तेथे ढगाचा सर्वांत भीषण मारा नकाशावर सौम्य दिसतो. शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळात ६५ मिलिमीटरची अट लावली जाते, तेव्हा मापक एका गावी आणि ढग दुसऱ्या गावी कोसळला तर काय? उभे पीक आडवे होते आणि कागद मात्र कोरडा राहतो.

कोणी म्हणेल, ९४४ मिलिमीटर पाऊस कोणत्याही नगरीला पेलला नसता. मान्य. परंतु मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती क्षमता दुप्पट करावी, असे १९९३ च्या अहवालानेच सुचवले होते. बारा वर्षांनी प्रलय आला तेव्हा ते काम बव्हंशी कागदावरच होते. हा दोष ढगांचा की माणसांचा?

आपल्या वसईकडे पाहा. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याजवळ रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला आणि वसई-विरारची वाहतूक ठप्प झाली. पाणी साठवून धरणारी बावखले बुजवायची, खाडीकडे जाणाऱ्या वाटांवर भराव घालायचा आणि पाणी घरात शिरले की आश्चर्य करायचे, ही कोणती रीत? अतिवृष्टीचा नकाशा एकटा अपुराच आहे. त्यावर जमिनीचा उतार, नाले, बावखले आणि वस्त्या यांचा नकाशा ठेवला, तरच कोणाचे घर बुडणार ते कळते. ज्यांना सखल, स्वस्त जागेखेरीज दुसरी जागा परवडली नाही, त्यांचीच घरे बहुधा तेथे आढळतील.

आपल्या राज्यात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. पहिली पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. परंतु अतिवृष्टीच जर वारंवार येऊ लागली, तर जुन्या नोंदींवर बेतलेली 'शंभर वर्षां'ची ग्वाही किती काळ टिकणार? नव्या आकडेवारीनुसार या रेषा पुन्हा आखणे हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.

आणि वाचकहो, आपलेही कर्तव्य आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या वेळी आपण आपल्या सातबाऱ्यापुरते आरक्षण पाहून घरी परततो. यापुढे गावाने एकत्र जाऊन विचारावे : या आराखड्याखाली पावसाचा नकाशा ठेवला होता काय? आमच्या गावाला सर्वांत जवळचा पर्जन्यमापक किती अंतरावर आहे? या बावखलाचे पाणी उद्या कोठे जाणार? उत्तर लेखी मागावे आणि जपून ठेवावे. पुढच्या पुरानंतर कोणी 'अभूतपूर्व' म्हणू लागला, की तो कागद त्याच्यापुढे ठेवता येईल.