उपरा कोण?



कोलाडला कुंडलिकेच्या काठाला मुंबईचा माणूस जमीन घेतो, तारेचं कुंपण मारतो, तर गाव त्याला लगेच शेठ म्हणतं. आपली नदीवर जायची वाट बंद झाली तरी कुणी विचारत नाही, बाबा तू कुठचा? आणि आपला कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन पावसाच्या तोंडाला वाडीवर परत आला, की तो उपरा! त्याचा वनहक्काचा दावा निघाला की म्हणतात, हा इथं राहतोच कुठं?

2006 च्या कायद्यात 75 वर्षांची अट आदिवासीला नाही. ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे. पोटासाठी भट्टीवर गेल्यानं तो मोडत नाही. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा धरतात.

वाडीवर नवं बिऱ्हाड आलं तर आपण कारवी तोडायला सगळे जातो, झोपडी उभी करून देतो. मग धाटावच्या कारखान्यात आलेल्या परप्रांतीय मजुराला आपलीच पोरं का हिणवतात? भट्टीवर आपल्याला काय काय ऐकावं लागतं ते विसरलात?

पुढच्या ग्रामसभेत भट्टीवर गेलेल्यांचे दावे आधी वाचायला लावा. म्हाताऱ्यांना सोबत आणा.