स्नायूंना वजन कळतं, किंमत नाही

ताकदीचा व्यायाम करा म्हटलं की बहुतेकांना आधी जिमची फी किंवा डंबेल्सची किंमत आठवते. माझ्या मते सुरुवातीला यातलं काहीच लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. त्यात यंत्रांची अट नाही. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच उचलतात. म्हातारपणी खुर्चीतून उठणं, तोल सावरणं हेही त्यांच्याच जोरावर. त्यामुळे नुसतं चालणं पुरेसं नाही.

एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे साधारण १ किलो. कोरड्या वाळूने भरली तर सुमारे दीड किलो. जुन्या सॅकमध्ये तांदळाच्या एकेक किलोच्या पिशव्या भरा. ती छातीशी धरून उठाबशा काढा. छाती आणि दंडांसाठी भिंतीला हात टेकून पुश-अप्स आहेतच. १०-१२ वेळा सहज जमू लागलं की एक पिशवी वाढवा. स्नायू बळकट होतात ते या हळूहळू वाढत्या वजनामुळे.

काटकसर नको ती एकाच ठिकाणी: जे तुटलं तर तुमच्या अंगावर पडेल किंवा तुम्ही खाली पडाल. लटकायचा बार, झोपायचा बाक, डोक्यावर उचलायचं वजन घरी जुळवू नका. चांगलंच घ्या, नाहीतर ते व्यायाम सोडा.

वजन उचलताना श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम वाढतो. हृदयविकार, हर्निया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.