मुलाखत नोकरीची की पेहरावाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे करिअर मार्गदर्शन शिबिरांचा हंगाम सुरू होतो. बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर. आणि तिथून ही लाट अमडापूरसारख्या गावांपर्यंत येते. शिबिरे व्हायलाच हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या तासाला शिकवल्या जाणाऱ्या ‘मुलाखतीची तयारी’ या विषयाबद्दल. त्यातला निम्मा वेळ कपड्यांवर जातो. मुलांना सांगतात, दाढी बारीक करा, टोपी खिशात ठेवा. मुलींना जरा दबक्या आवाजात सांगतात, ‘तुमची मर्जी, पण बुरखा बाहेर काढून ठेवलात तर बरं. आणि जमलं तर स्कार्फसुद्धा.’

मुलगी घरी येते तेव्हा दुसरा सल्ला तयार असतो. ‘जिथं पर्दा चालत नाही तिथली कमाई आपल्याला नको. आणि पुण्याला एकटी जाणार कशी?’

हे दोन्ही सल्ले एकमेकांच्या विरोधात आहेत असे वरवर वाटते. प्रत्यक्षात दोघेही एकाच धंद्यातले शिंपी आहेत. एक कापायला सांगतो, दुसरा शिवायला. जिच्या अंगावर कपडा चढायचा तिला विचारायचे कुणालाच सुचत नाही. आणि या ओढाताणीत मूळ प्रश्न बाजूला पडतो. तिला काम येते का, आणि येत असेल तर ते तिला मिळते का?

कपडे दिसण्याआधीच

शिबिरातल्या सल्ल्यामागे एक गृहीत आहे: आपली मुले-मुली नाकारली जातात ती दिसण्यामुळे, दिसणे बदलले की दार उघडेल. हे गृहीत तपासून बघू.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी 2005-06 मध्ये वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण, पात्रता सारखी; फरक फक्त नावाचा. कुठे सवर्ण हिंदू आडनाव, कुठे दलित, कुठे मुस्लिम. 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांनी निष्कर्ष मांडले. मुस्लिम नावाच्या अर्जदाराला पुढच्या फेरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश निघाली. दलित नावालाही फटका होताच.

2022 मध्ये ‘लेडबाय फाउंडेशन’ने असाच प्रयोग स्त्रियांच्या नावांनी केला. सुरुवातीच्या पातळीवरच्या 1,000 जागांसाठी सारख्याच पात्रतेचे दोन-दोन अर्ज गेले. एक हबिबा अलीचा, एक प्रियंका शर्माचा. दोन्ही नावे काल्पनिक. प्रियंकाला 208 ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, हबिबाला 103 ठिकाणांहून.

आणि हे फक्त आकड्यांत नाही. 2015 च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका हिरे-निर्यात कंपनीने एमबीए झालेल्या तरुणाला ईमेलने कळवले की आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो. बोभाटा झाला, पोलिसांत गुन्हा दाखल झाला, कंपनीने हा शिकाऊ कर्मचाऱ्याचा प्रताप असल्याचे सांगून हात झटकले. त्या तरुणाची दाढी होती की नव्हती, त्याने टाय लावला होता की नाही, हे कंपनीला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाखत झालीच नव्हती. त्यांनी फक्त नाव वाचले होते.

आता शिबिरातल्या सरांना विचारायला हवे: नाव कुठल्या खिशात ठेवायचे?

तेही आपल्याकडे करून झाले आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या शेलगावचा अन्सार शेख, रिक्षाचालकाचा मुलगा. 2016 मध्ये निकाल लागला तेव्हा वयाच्या एकविसाव्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात, देशात 361 वा येऊन तो आयएएस झाला. त्याने पत्रकारांना सांगितले की पुण्यात शिकत असताना राहायला खोली मिळेना, म्हणून त्याने ‘शुभम’ हे मित्राचे नाव सांगितले होते. त्याच्या यशावर आपण सत्कार घेतले, हारतुरे झाले. पण त्या ‘शुभम’बद्दल आपण किती बोललो? देशातली सर्वांत अवघड परीक्षा पास होणाऱ्या मुलालाही डोक्यावर छप्पर मिळवायला आपले नाव बाहेर ठेवावे लागले, यात बदलायचे कोणी होते? अन्सारने की घरमालकाने?

दुसरीकडे काय झाले

2008 साली अमेरिकेतल्या टल्सा शहरात समंथा इलाफ नावाची सतरा वर्षांची मुलगी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, ‘अॅबरक्रॉम्बी अँड फिच’मध्ये, मुलाखतीला गेली. डोक्यावर स्कार्फ होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला पात्र ठरवले. वरच्या अधिकाऱ्याने मात्र स्कार्फ कंपनीच्या पेहराव-नियमात बसत नाही म्हणून तिला घेऊ नका असे सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंपनीचे म्हणणे होते की स्कार्फ धर्मासाठी आहे हे मुलीने सांगितलेच नव्हते. 1 जून 2015 रोजी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र लिहिले अँटोनिन स्कॅलिया यांनी, जे त्या न्यायालयातले कट्टर परंपरावादी न्यायमूर्ती मानले जात. मुद्दा साधा होता: धार्मिक प्रथेला जागा करून द्यावी लागेल म्हणून उमेदवाराला टाळता येणार नाही, मग तुम्हाला खात्रीने माहीत असो किंवा नुसता संशय असो.

अमेरिकेत सगळे आलबेल आहे असे म्हणायचे नाही. पण तिथे 1964 चा नागरी हक्क कायदा खासगी मालकालाही लागू होतो. म्हणून एका सतरा वर्षांच्या मुलीला दाद मागायला दार होते.

आपल्याकडे संविधानाचे कलम 16 समान संधीची हमी देते, पण ती सरकारी नोकरीत. कलम 15 भेदभावाला मनाई करते, तेही प्रामुख्याने राज्यसंस्थेला. पुण्या-मुंबईच्या खासगी कंपनीने धर्म बघून अर्ज बाजूला टाकला, तर त्याविरुद्ध दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा देशात नाही. अपंग व्यक्तींसाठी 2016 चा कायदा आहे, तो हवाच होता. धर्म आणि जातीच्या बाबतीत खासगी क्षेत्राचे दार मात्र मालकाच्या मर्जीवर आहे. सच्चर समितीने 2006 मध्ये समान संधी आयोग नेमा असे सांगितले. 2008 मध्ये माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने त्याची रूपरेषाही दिली. आयोग अजून कागदावरच आहे.

आपल्या जाहीरनाम्यांत, निवेदनांत, मोर्च्यांत हा आयोग कितीदा येतो? आरक्षणावर आपण बोललो, आणि बोलायला हवेच. 2014 च्या पाच टक्के आरक्षणाच्या अध्यादेशापैकी शिक्षणातला भाग उच्च न्यायालयाने रोखला नव्हता, तरी पुढे तो अध्यादेश विरून गेला, हा राग रास्त आहे. पण आरक्षण सरकारी दारापुरते. आपली बहुसंख्य मुले ज्या दारात उभी आहेत ते खासगी आहे.

‘पोटाचा प्रश्न आहे’

यावर एक खरा आक्षेप येतो, आणि त्याला बगल देता येणार नाही. ‘कायदा होईल तेव्हा होईल. घरचा हप्ता या महिन्याला आहे. स्कार्फ दोन तास बाजूला ठेवून नोकरी मिळत असेल तर तुमचे काय जाते?’

आमचे काहीच जात नाही. जी मुलगी विचार करून असे ठरवते तिला दोष देण्याचा अधिकार मोहल्ल्यातल्या कुणालाही नाही. जी मुलगी स्कार्फ ठेवून जायचे ठरवते तिला ‘मागासलेली’ म्हणण्याचा अधिकार शिबिरातल्या सरांनाही नाही. जी घालतच नाही तिला तर हा प्रश्न विचारण्याचेच कारण नाही. ठरवणारी तीच. आमची हरकत आहे ती तडजोडीला ‘तयारी’ हे नाव देण्याला. तडजोड ही अन्यायाखाली केलेली गोष्ट असते. तिला कौशल्य म्हणून शिकवू लागलो की अन्याय करणारा सुटतो, आणि नोकरी मिळाली नाही तर दोष पुन्हा मुलीच्या गळ्यात येतो. म्हणे, नीट ‘प्रेझेंट’ झाली नसेल.

आणि घरातल्या शिंप्यांना एवढेच विचारायचे आहे. मुलगी शिकली, गुण मिळवले, बोलावणे आले; आणि तुम्ही पर्द्याचे नाव सांगून तिला चिखलीच्या पुढे जाऊ दिले नाही, तर तिचा अर्ज बाजूला टाकणाऱ्या त्या कंपनीत आणि तुमच्यात फरक काय राहिला? 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. अडचण तिकिटाची नाही, तुमच्या परवानगीची आहे.

तयारी म्हणजे काय

कपड्यांचा विषय पाच मिनिटांत संपतो. धुतलेले, इस्त्री केलेले, अंगाला बेताचे. वऱ्हाडातल्या उन्हात, एसटीच्या सहा-सात तासांच्या प्रवासानंतर, भाड्याचा कोट घालून घामेजून बसण्यापेक्षा साधा शर्ट किंवा सलवार-कमीज बरा. मुलाखतीचे कपडे पिशवीत घडी करून न्यावेत आणि पोहोचल्यावर बदलावेत. उधारीचे बूट चावतात. आपलीच चप्पल-बूट पुसून घालावेत. स्कार्फ घालत असाल तर साधा, नीट पिन केलेला, म्हणजे हात मोकळे राहतात. ओळख पटवताना चेहरा दाखवावा लागेल. नकाब असेल तर ते एखाद्या महिला कर्मचाऱ्यासमोर करू द्या अशी विनंती आधीच करता येते. ‘हे कामावरही घालणार का?’ असे विचारले तर चाचरू नये. ‘हो, कामात अडचण येणार नाही’ असे सांगावे आणि कामाचे बोलणे पुढे न्यावे. बस.

उरलेले पंचावन्न मिनिटे कशावर द्यायचे ते ऐका.

पहिली गोष्ट, नावाचा घोळ. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शेख’ एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पदवीवर तिसऱ्या. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत. मुलीच्या नावापुढे एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘परवीन’, लग्नानंतर तिसरेच. मुलाखत उत्तम होते आणि कागदपत्र पडताळणीत माणूस अडकतो. हे राजपत्रात नाव दुरुस्त करून वेळेत निस्तरता येते, पण बोलावणे येण्याआधी.

दुसरी, जातीचा दाखला. आपल्यातल्या बागवान, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ‘मुसलमानात जात नसते’ म्हणत बापाने दाखला काढला नाही, आणि मुलगा खुल्या गटात एका गुणाने गेला, असे किती घरांत झाले असेल याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या गल्लीत करावा. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल यांची फाईल टायपेक्षा जड असते.

तिसरी, बोलणे. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना मराठीत सलग पाच मिनिटे बोलायचा सराव नसतो. बाजारात, शेतावर ती अस्सल वऱ्हाडी बोलतात. टेबलासमोर बसवले की गप्प होतात. मराठी आपलीही भाषा आहे, आणि महाराष्ट्रात काम करायचे तर तिच्यात ठामपणे बोलता यायला हवे. सराव एकट्याने होत नाही. गावातले निवृत्त शिक्षक, बँकेतले, पोस्टातले, दवाखान्यातल्या परिचारिका अशा तिघा-चौघांना बसवून महिन्यातून एकदा खोटी मुलाखत घ्या. मुलींचीही घ्या, आणि घेणाऱ्यांत एक बाई असू द्या. याला पैसा लागत नाही. प्रवासखर्चाला लागतो. वलीम्याला एक पदार्थ कमी केला तर वर्षभरातल्या मुलाखतींचे भाडे निघेल.

आधी आपले अंगण

दुसऱ्याच्या दारात न्याय मागताना आपले दार उघडे हवे. आपल्याच समाजाच्या काही संस्थांत शिक्षकाच्या जागेसाठी उमेदवाराला काय विचारतात, याच्या तक्रारी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. तिथे टोपी चालते, बुरखा चालतो. चालत नाही ती रिकामी पिशवी. कुठे बिरादरी बघतात, कुठे मसलक. हाही भेदभावच आहे.

जिथे मुलाखतीचे गुण ठरलेले आणि उत्तर देण्याची जबाबदारी असते, तिथे चित्र वेगळे दिसते. यूपीएससीत 2,025 पैकी मुलाखतीला 275 गुण आहेत. 2025 मध्ये यवतमाळच्या रिक्षाचालकाची मुलगी अदिबा अनम 142 वी आली. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या अनेक पदांसाठी मुलाखतच रद्द केली. का? बंद खोलीतली मर्जी ही वशिल्याला आणि पक्षपाताला मिळालेली मोकळी जागा असते, हे सरकारनेही ओळखले म्हणून.

म्हणून मागणी सरळ आहे. खासगी क्षेत्राला लागू होणारा भेदभावविरोधी कायदा आणि समान संधी आयोग हवा, तो फक्त मुसलमानांसाठी नव्हे, तर दलित, आदिवासी, भटके, स्त्रिया, अपंग सगळ्यांसाठी. थोरातांच्या अभ्यासात आपल्या शेजारी दलित अर्जदारही उभा होता, हे विसरू नका. ही लढाई एकट्याने लढायची नाही. पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला अमडापूरच्या चौकात हा प्रश्न विचारा. आणि पुढच्या शिबिरात सर दाढी-स्कार्फवर आले, की एखाद्या मुलीने उभे राहून शांतपणे म्हणावे, ‘सर, कपड्यांचे मी बघेन. तुम्ही कामाचे सांगा.’