बॅटरीचे खाते

तालुक्याच्या गावी व्यापारी कुटुंबाच्या घरामागे बहुधा एक पत्र्याची शेड असते. तीत टेम्पो, स्कूटर आणि दुकानात न मावणारा माल राहतो. घराच्या मीटरपासून ती दूर असल्याने पुष्कळदा छपरावरून वायर ओढून तेथे दिवा लावला जातो. ऊन-पावसाने त्या वायरीचे आवरण विरते आणि एखाद्या पावसाळी रात्री २३० व्होल्टचा प्रवाह ओल्या पत्र्यात उतरू शकतो. दार उघडणाऱ्या हाताला त्याची पूर्वसूचना मिळत नाही. अशा ठिकाणी १२ व्होल्टच्या बॅटरीवरील दिवे हा सुज्ञ पर्याय ठरतो.

प्रथम हिशेब पाहावा. बॅटरीवर थेट चालणारे ९ वॉटचे दोन एलईडी दिवे रोज दोन तास लावल्यास ३६ वॉट-तास वीज खर्च होते. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-अवरच्या बॅटरीत ४८० वॉट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज मावते. तिचे मोल काही रुपयांचेच. तेव्हा वीजबिलातील बचतीसाठी बॅटरी घेणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल. येथे पैसे मोजावयाचे ते निर्धोकपणासाठी.

खात्यात किमान शिल्लक राखावी, तशी साध्या लेड-ॲसिड बॅटरीत निम्मी शिल्लक राखणे हिताचे. ती वारंवार पूर्ण रिकामी केली, अथवा रिकामी पडू दिली, तर प्लेटांवर सल्फेटचा थर साचून घट्ट होतो व तिचे आयुष्य घटते. निम्मी शिल्लक राखूनही २४० वॉट-तास हाती उरतात. म्हणजे सलग सहा दिवस ढगाळ गेले तरी दिवे लागतील. भरणा करण्यास ४० वॉटचे सौर पॅनेल पुरेसे आहे. मात्र मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. इन्व्हर्टरची येथे गरज नाही. तो स्वतःच वीज खातो.

१२ व्होल्टचा सहसा झटका बसत नाही, म्हणून निष्काळजी राहू नये. शॉर्टसर्किट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह सोडते, वायर लालबुंद होते, आणि शेजारी कापडाचे गठ्ठे असतात. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. म्हणून हवा खेळती असावी व जवळ उदबत्तीसुद्धा लावू नये.

दिवे पिवळसर प्रकाशाचे निवडावेत. पांढऱ्या-निळसर प्रकाशाच्या मानाने त्यांच्याकडे कीटक कमी ओढले जातात, आणि तेवढीच जीवहानी टळते. जुनी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातील शिसे विषारी असते.

शेवटचे काम बहुधा राहून जाते. नवे दिवे लागले त्याच दिवशी मुख्य स्विच बंद करून वायरमनकडून छपरावरील जुनी वायर उतरवून घ्यावी. अन्यथा दिवा नवा, पण धोका जुनाच राहील.