सौरघट किती टिकला, तेही सांगा

प्लॅस्टिकमधून वीज वहात नाही, असे आपण शाळेत शिकतो. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते ते याचसाठी. परंतु या नियमाला अपवाद आहेत, आणि ते इतके महत्त्वाचे ठरले की त्यांच्या शोधाला २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थी मित्रांनो, याच अपवादांतून पुढे प्लॅस्टिकचे सौरघट निघाले. त्यांच्या विक्रमी कार्यक्षमतेच्या बातम्या अधूनमधून झळकतात. त्या बातम्यांत एक महत्त्वाची गोष्ट बहुधा गाळलेली असते, अशी माझी तक्रार आहे.

प्रथम हा घट चालतो कसा ते पाहू. प्लॅस्टिक म्हणजे बहुवारिक, अर्थात लहान लहान रेणूंच्या कड्या जोडून झालेली लांबलचक साखळी. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा काम करीत होते त्या प्रयोगशाळेत अ‍ॅसिटिलीन वायूपासून असे एक बहुवारिक बनवताना उत्प्रेरक नजरचुकीने सुमारे हजारपट जास्त पडला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखे चकचकीत पटल तयार झाले. पुढे अमेरिकेत अ‍ॅलन मॅकडायर्मिड व अ‍ॅलन हीगर यांच्यासह शिराकावांनी अशा पटलावर ब्रोमीन आणि आयोडीन यांची क्रिया घडवली, तेव्हा त्याची विद्युत्संवाहकता सुमारे एक कोटीपट वाढली. हे संशोधन १९७७ साली प्रसिद्ध झाले.

या जातीच्या बहुवारिकांवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो आणि मागे एक रिकामी जागा राहते. सिलिकॉनमध्ये ही दोघे सहज वेगळी होतात. बहुवारिकात मात्र ती एकमेकांना धरून बसतात. ही जोडी जेमतेम १० नॅनोमीटर सरकते आणि विझून जाते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! उलट, पुरेसा प्रकाश शोषून घ्यायला थर १०० नॅनोमीटरच्या आसपास जाड असावा लागतो. फुटकी घागर भरून विहिरीवरून निघावे तशी ही गत. घर दहा पावलांवर असेल तरच पाणी पोचणार.

यावर तोड निघाली ती अशी. १९९२ साली कॅलिफोर्नियात हीगर यांच्या गटाने दाखवले की बहुवारिकाशेजारी फुलरीन, म्हणजे ६० कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू असेल, तर तो इलेक्ट्रॉनला झटकन ओढून घेतो. १९९५ साली त्या गटाने ही दोन्ही द्रव्ये एकत्र कालवून एकच मिश्र थर बनवला. दोन्ही द्रव्यांचे धागे नॅनोमीटरच्या मापाने एकमेकांत गुंतल्यामुळे प्रत्येक घागरीला दहा पावलांवर घर मिळाले. आज फुलरीनऐवजी बहुधा दुसरे सेंद्रिय रेणू वापरतात, आणि प्रयोगशाळेतील लहान घटांची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास पोचली आहे.

ही मजल मोठी आहे यात शंका नाही. पण हा आकडा कोणत्या घटाचा? विक्रमी घट बहुधा एक चौरस सेंटिमीटरहूनही लहान असतो. आपण एक चौरस सेंटिमीटरच धरू. भर उन्हात एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट शक्ती पडते. म्हणजे या घटावर पडते ०.१ वॅट, आणि त्यातून मिळते ०.०२ वॅट. दहा वॅटचा एक दिवा लावायला असे ५०० घट लागतील. शिवाय मोजमाप होते २५ अंश सेल्सिअस तापमानाला. विदर्भातल्या मे महिन्यातील गच्चीवर किंवा कोकणातल्या आषाढात ते होत नाही.

मुख्य प्रश्न आयुष्याचा आहे. हवेतला ऑक्सिजन, पाण्याची वाफ आणि सूर्याचे जंबुपार किरण या तिघांनी बहुवारिकाची साखळी खराब होते. एवढेच नव्हे, तर उष्णतेने मिश्रणातले रेणू हळूहळू सरकतात, एकाच जातीचे रेणू गोळा होऊन त्यांच्या गुठळ्या बनतात आणि ती नाजूक वीण विस्कटते. ज्या रचनेमुळे घट चालतो, तीच अशी मोडू लागते.

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवा. एक घट २० टक्के कार्यक्षम आहे, पण दोन वर्षेच टिकतो. दुसरा १० टक्केच कार्यक्षम, पण वीस वर्षे टिकतो. दोन्हींचे क्षेत्रफळ सारखे, ऊनही सारखे. आयुष्यभरात जास्त वीज कोण देईल? दुसरा, आणि तीही पाचपट. बातमीत मात्र पहिलाच झळकेल!

हे नुसते कागदी गणित नाही. अमेरिकेत २००१ साली कोनार्का नावाची कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांत स्वतः हीगर होते. ती प्लॅस्टिकचे सौरपटल बनवून विकत असे. २०१२ साली तिचे दिवाळे निघाले. तिचे घट कार्यक्षमतेत आणि आयुष्यात सिलिकॉनपुढे तोकडे पडत होते, आणि त्याच काळात सिलिकॉनचे भाव कोसळत होते. आज सिलिकॉनच्या सौरपट्ट्यांना साधारण २५ वर्षांची हमी मिळते. सामना त्यांच्याशी आहे.

कोणी म्हणेल, रांगणाऱ्या बाळाला धावायला का लावता? १९५४ साली सिलिकॉनचा पहिला उपयुक्त घटही ६ टक्केच कार्यक्षम होता. हे खरे आहे, आणि म्हणून या संशोधनाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. हे घट हलके, लवचिक असतात व शाईसारखे छापता येतात. घरातल्या दिव्याच्या उजेडावर चालणाऱ्या लहान उपकरणांना ते लवकर उपयोगी पडतील. माझे म्हणणे एवढेच, की कार्यक्षमतेच्या शेजारी घटाचा आकार आणि आयुष्य हे दोन आकडेही छापले जावेत. अपुऱ्या आकड्यावर लोकांच्या आशा वाढतात, आणि त्या फोल ठरल्या की विज्ञानावरचाच विश्वास उडतो.

तेव्हा पुढच्या वेळी असा मथळा दिसला की हे दोन आकडे शोधा. सापडले नाहीत तर शिक्षकांना विचारा, संपादकांना पत्र लिहा. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत गेलेच, तर घट का बिघडतो हा प्रश्न कमी प्रतीचा मानू नका. विक्रमाइतकी प्रसिद्धी त्याला मिळणार नाही, पण प्लॅस्टिकचा घट गच्चीवर चढायचा असेल तर आधी तोच सुटला पाहिजे.