आम्हाला कच्चा लिंबू करू नका

गेल्या मे महिन्यात माझा भाचा आठ दिवसांसाठी आमच्याकडे मिरजेला राहायला आला होता. दहावीची परीक्षा संपलेली, हातात नवा मोबाइल. दुसऱ्याच दिवशी जेवताना त्यानं जाहीर केलं, "मामू, मला अकरावी सायन्स नको. अम्मीला तुम्ही समजवा. मी गेमर होणार."

मी हसलो नाही. मी स्वतः वीस वर्षं व्हिडिओ गेम खेळतो आहे, त्यामुळं मुलांच्या या वेडावर प्रवचन देण्याचा हक्क मला नाही. मी म्हटलं, दाखव बघू खेळून. तो मोबाइलवरचा एक लोकप्रिय बॅटल रॉयल खेळत होता. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी एक जण किंवा एक गट उरतो. तीनच आठवडे झाले होते आणि हा पठ्ठ्या दर दोन डावांत एक डाव जिंकत होता. एकेका डावात पंधरा-सोळा बळी.

मी शेजारी बसून दोन डाव पाहिले. समोरची "माणसं" सरळ रेषेत धावत येत होती. उघड्या मैदानात मधेच थांबत होती. गोळी लागली तरी आडोसा शोधत नव्हती. एकाचाही नेम धड नव्हता.

मी म्हटलं, "बाळा, यातली बरीचशी माणसं नाहीत. बॉट आहेत. नवीन खेळाडूला जिंकल्यासारखं वाटावं म्हणून खेळच सोडतो त्यांना."

त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. "म्हणजे मी मारले ते कुणीच नव्हते?"

पुढच्या चार-पाच दिवसांत त्याचा दर्जा वर चढला आणि खरी माणसं भेटू लागली. उतरल्यावर दोन मिनिटांत खेळ खलास, असं सलग दहा-बारा वेळा झालं. मग मोबाइल उशीखाली गेला. हरल्याचं दुःख त्याला फारसं नव्हतं. आपण तीन आठवडे फसलो, आणि त्या फसवणुकीच्या भरवशावर आईशी भांडलो, याची त्याला शरम वाटत होती.

या लेखाचं निमित्त एवढंच. ऑनलाइन खेळ बनवणारे गेली पंधरा वर्षं एक वाक्य घोकत आहेत. खेळ सोपा करायला हवा, कारण हौशी खेळाडूला कठीण खेळ झेपत नाही. मी हौशी खेळाडू आहे. नोकरी आहे, दोन मुलं आहेत, रात्री मुलं झोपल्यावर मिळाला तर तासभर मिळतो. ज्याच्या नावानं हा सारा उपकार चालला आहे, तो मीच. म्हणून सांगतो की या उपकारानं आमचं भलं झालेलं नाही, उलट आमच्या हातचं होतं तेही गेलं.

लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळताना मोठ्या भावाबरोबर मीही जायचो. मी कच्चा लिंबू. बॅट मिळायची, चेंडू हळू यायचा, दांडी उडाली तरी आउट नाही. पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की माझ्या धावा कुणी मोजतच नाही. मी रडून गोंधळ घातला तो "मला आउट द्या" म्हणून! सहा वर्षांच्या पोराला जे कळतं, ते या धंद्यातल्या हुशार मंडळींना कळू नये?

आता त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. उदाहरण म्हणून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' घेऊ. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला हा खेळ या प्रकारातला सर्वांत गाजलेला. सुरुवातीला त्यातल्या मोठ्या मोहिमांना, म्हणजे रेडना, चाळीस खेळाडू एकत्र लागायचे. २००६ मध्ये आलेली नॅक्सरॅमस ही मोहीम इतकी अवघड होती की बहुसंख्य खेळाडूंनी ती आतून पाहिलीच नाही. बनवणाऱ्यांनी महिनोन् महिने खपून जे उभं केलं ते मूठभरांनीच पाहायचं, आणि पैसे मात्र सगळ्यांनी भरायचे? हा प्रश्न रास्त आहे.

माझा वाद त्यावर काढलेल्या उत्तराशी आहे.

मी २००८ मध्ये नोकरीसाठी कुवेतला होतो. एका खोलीत चौघे. गुरुवारी रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून, मी हा खेळ खेळायचो. माझं काम मलमपट्टीचं, म्हणजे हीलरचं. तेव्हा पाच जणांच्या मोहिमासुद्धा, त्यातल्या कठीण प्रकारात, खाऊ नव्हत्या. कोणत्या शत्रूला आधी बांधून ठेवायचं, कुणी कुठं उभं राहायचं, हे आधी बोलून ठरवावं लागे. एक चूक झाली की पाचही जण गार. मग परत चालत या, परत ठरवा. माझ्या गटात एक पोलंडचा ट्रकचालक होता आणि एक डच परिचारिका. त्यांना ठाऊक होतं की या माणसाला आठवड्यातून एकच रात्र मिळते. ते माझ्यासाठी थांबायचे. का थांबायचे? मी फार मोठा खेळाडू होतो म्हणून नाही. चांगला हीलर शोधणं कठीण होतं, आणि एकमेकांची सवय झालेला गट मोडणं परवडत नव्हतं म्हणून. त्या खेळाच्या कठीणपणानं त्यांना माझी गरज लावली होती. घरापासून इतक्या लांब, ज्याला कुणी विचारत नाही अशा माणसाला "ये, तुझ्यावाचून अडलंय" हे ऐकायला मिळणं काय असतं, ते परदेशात एकट्यानं राहिलेल्याला विचारा.

डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी लोक आपोआप जोडले जातील, थेट मोहिमेच्या दारात उभे राहाल. सोय मोठी होती, मीही वापरली. पण त्या काळच्या मोहिमा इतक्या सोप्या होत्या की बोलायची गरजच नव्हती. वीस मिनिटांत काम संपे, कुणी सलाम-दुवा न करता निघून जाई. मग नोव्हेंबर २०११ मध्ये रेड फाइंडर आला. पंचवीस अनोळखी माणसं आणि मोठ्या मोहिमेची पातळ केलेली आवृत्ती. पुढं त्यात अशीही सोय झाली की गट हरला की प्रत्येकाची ताकद थोडी वाढते, पुन्हा हरला की आणखी वाढते. म्हणजे पुरेशा वेळा हरा, जिंकाल!

आता हिशेब करा. पंचवीस जणांत पाच-सहा जणांनी हात बांधून बसलं तरी डाव जिंकला जातो. मग मी जीव तोडून खेळलो काय आणि चहा करायला उठलो काय, फरक कुणाला पडतो? पूर्वी माझी चूक चौघांना महाग पडायची, म्हणून माझ्या बरोबर खेळण्याला किंमत होती. आता चूकही फुकट आणि शाबासकीही. वर मुरलेल्या खेळाडूंनी या मोहिमांची टवाळी सुरू केली. "तू तर फाइंडरवाला" ही शिवी झाली. ज्यांना वर आणायचं म्हणून हा खटाटोप केला, त्यांच्याच कपाळावर कायमचा शिक्का बसला. वरच्यांचा जिना वेगळा, खालच्यांचा वेगळा. नवशिक्याला मुरलेल्याच्या शेजारी उभं राहून शिकण्याची जी जागा होती, तीच गेली. आमच्या सायबर कॅफेत 'काउंटर-स्ट्राइक' खेळताना आम्ही थोरल्या पोरांकडून मार खात खात शिकलो. ते शिव्या द्यायचे, पण "कोपऱ्यावर आधी बघ, मग वळ" हेही तेच सांगायचे.

इथं कुणी जाणकार मला अडवेल. म्हणेल, साहेब, डिसेंबर २०१० मध्ये याच खेळानं 'कॅटॅक्लिझम'मध्ये पाच जणांच्या मोहिमा पुन्हा कठीण केल्या होत्या. काय झालं? ऑक्टोबर २०१० मध्ये सव्वा कोटीच्या जवळ, १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. २०११ संपेपर्यंत ते १ कोटी २ लाखांवर आले. लोकांनी तक्रारी केल्या, मोहिमा सोप्या कराव्या लागल्या.

हा आक्षेप मी टाळणार नाही. वर्गणीदार घटण्याचं कारण एकटा कठीणपणा होता असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण लोक वैतागले होते हे खरं. मीही वैतागलो होतो. मात्र वैताग कशाचा होता? मोहिमा २००७-०८ सारख्या कठीण झाल्या, पण माणसं आता डंजन फाइंडरमधून आलेली अनोळखी होती. दोन वर्षं न बोलता, धावत जिंकायची सवय लागलेली. एकदा हरलं की "हीलर बेकार" म्हणून गट सोडून पसार. मला एका रात्रीत तीनदा हाकललं गेलं. आधी शेजारधर्म मोडून टाकला आणि मग शेजाऱ्यांवाचून न उचलणारं ओझं आणून ठेवलं. ते उचललं गेलं नाही, तेव्हा निष्कर्ष काढला की हौशी माणसाला ओझं नकोच. आम्हाला हवी होती ती सोबत. सोबत असती तर ओझ्याचं आम्ही पाहून घेतलं असतं.

याची दुसरी बाजू २०१९ च्या ऑगस्टमध्ये दिसली. त्याच खेळाची जुनी आवृत्ती 'क्लासिक' नावानं परत आणली, तेव्हा आत शिरायला लोकांच्या हजारोंच्या रांगा लागल्या. गंमत अशी की ती आवृत्ती तांत्रिकदृष्ट्या फार कठीण नव्हतीच. तिच्यातला पहिला मोठा शत्रू रॅग्नारोस आठवड्याच्या आत पडला. पण ती संथ होती, आणि पावलोपावली दुसऱ्याची मदत मागायला लावत होती. त्या रांगेत फक्त बाविशीतले पट्टीचे खेळाडू नव्हते. माझ्यासारखे, पोरं झोपवून बसलेले बापही होते.

आता बॉटकडे वळतो. 'फोर्टनाइट'नं २०१९ मध्ये बॉट आणले, 'पबजी'नं २०२० मध्ये. कारण उघड सांगितलं, की नवा आणि मुरलेला यांच्यातली दरी फार वाढली आहे, नवा माणूस पहिल्याच दिवशी चिरडला जातो. कारण खरं आहे. पण घोषणा बातम्यांत राहते, डावात ती दिसत नाही. समोरच्याच्या डोक्यावर "हा बॉट आहे" अशी पाटी नसते. उलट त्याला माणसासारखं नाव दिलेलं असतं.

आमच्या भागात तालमी आहेत. वस्ताद नव्या पोराला डाव धरू देतो, कधी मुद्दाम खालीही जातो. पण पोराला ठाऊक असतं की वस्ताद शिकवतो आहे. त्या पोराला कुणी "तू वस्तादाला चितपट केलंस" म्हणून गावभर मिरवलं, आणि मग जत्रेच्या फडात ढकललं, तर तो गुन्हा होईल. माझ्या भाच्याचं नेमकं हेच झालं.

आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी बोलली जाते. हौशी माणसाकडं वेळ कमी असतो, अक्कल नव्हे. कठीणपणा काढल्यावर लोकांना धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं. मग येते रोजची हजेरी, रोजची कामं, हंगामापुरता बॅटल पास. आज नाही आलात तर बक्षीस गेलं. म्हणजे माझ्याकडं जे होतं, शिकण्याची तयारी, ते त्यांना नको. माझ्याकडं जे नाही, तो वेळ, तोच मागतात. याला हौशी माणसाची सोय म्हणायचं?

सगळी सोय वाईट असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'नं बांधकाम काढून टाकलेला वेगळा प्रकार आणला. झपाझप भिंती उभारण्याची ती कसरत आमच्या बोटांना जमत नव्हती. ती एक अट काढली, पण नियम त्या मैदानातल्या सगळ्यांना सारखे राहिले. ही खरी सोय. २०२४ मध्ये 'वॉरक्राफ्ट'नंही अशा मोहिमा दिल्या, जिथं उघडपणे संगणकाचे साथीदार घेऊन सराव करता येतो, आणि डेल्व्ह नावाच्या छोट्या मोहिमा, जिथं अवघडपणाची पायरी आपण स्वतः निवडतो. तिथं मला माहीत असतं की मी कोणत्या पायरीवर उभा आहे. सोपं द्या, पण सोपं आहे असं सांगून द्या. डोळ्यांना कमी दिसणाऱ्याला मोठी अक्षरं द्या, हाताला त्रास असणाऱ्याला बटणं बदलू द्या, तासभरच वेळ असणाऱ्याला तासात संपणारी पण खरी कठीण मोहीम द्या. अर्ध्यावर थांबून पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू करू द्या. आमच्या वेळेचा मान राखा आणि आमच्या हरण्याचाही.

भाच्यानं अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. खेळ सोडला नाही. मागच्या महिन्यात फोन आला. कॉलेजातल्या तिघांबरोबर गट केला आहे, रविवारी दुपारी दोन तास खेळतात.

मी विचारलं, "जिंकता का रे?"

"नाही मामू. पण काल पहिल्या दहांत आलो. आणि एकाला मी मारलं ना, तो माईकवरून जाम शिव्या देत होता."

एवढा खूश मी त्याला कधी ऐकला नव्हता.