विश्लेषण : वायफाय फुल्ल, तरी ओटीपी का येत नाही?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली सप्टेंबर २०२५ मध्ये. आधी दिलेली दोन महिन्यांची मुदत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. त्या काळात ‘ओटीपीच येत नाही’ ही तक्रार जागोजागी ऐकू येत होती. संकेतस्थळावरचा ताण हे त्याचे एक कारण होतेच. पण जिंतूर तालुक्यात, नेमगिरीच्या डोंगराआड किंवा येलदरीकडच्या गावांत, दुसरे कारण फोनच्या आतच सापडू शकते. वायफाय आणि सिमची रेंज एकच, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे.

दोन्हींत फरक काय?

फोनमध्ये दोन स्वतंत्र रेडिओ असतात. एक मोबाइल टॉवरशी बोलतो, त्याची ताकद काड्यांच्या चिन्हाने दिसते. दुसरा घरातल्या किंवा दुकानातल्या राउटरशी बोलतो, त्याचे चिन्ह पंख्यासारखे. टॉवर काही किलोमीटरवर असू शकतो, राउटरचा पल्ला मात्र काही खोल्यांपुरता. राउटर स्वतः इंटरनेट तयार करत नाही. केबलवाल्याच्या फायबरमधून आलेले इंटरनेट तो फक्त हवेतून फोनपर्यंत पोहोचवतो. शेजाऱ्याच्या फोनचे ‘हॉटस्पॉट’ घेतले, तर त्याचा फोनच तुमचा राउटर होतो.

मग ओटीपी कुठे अडकतो?

आधारचा ओटीपी एसएमएसने येतो आणि एसएमएस येतो सिमच्या वाटेने. त्यामुळे सेवा केंद्रात वायफाय जोरात असले, अर्ज झटकन उघडला, तरी आधारशी जोडलेल्या सिमला रेंज नसेल तर संदेश पोहोचत नाही. हा ओटीपी दहा मिनिटेच चालतो. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत तर पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता. तो माणूस ऊसतोडीला परजिल्ह्यात असेल, तर दोन गावांची रेंज एकाच वेळी जुळून यावी लागते. योजना आखताना याचा विचार व्हायला हवा होता.

एसएमएसला वेगवान डेटा लागत नाही, एक काडीही पुरते. म्हणून गच्चीवर किंवा मोकळ्यावर जाऊन, फ्लाइट मोड एकदा लावून काढला, की फोन टॉवरला नव्याने शोधतो आणि अडकलेला संदेश पुष्कळदा येतो. दुसरा उपाय ‘वायफाय कॉलिंग’. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय भारतात आणली. सेटिंगमध्ये ती सुरू केली, की टॉवर नसतानाही वायफायवरून कॉल लागतो आणि अनेक फोनमध्ये एसएमएसही येतो. फोन आणि सिम दोन्हींत ही सोय असावी लागते.

चिन्ह पूर्ण, तरी नेट संथ का?

ते चिन्ह फोन ते राउटर एवढ्याच टप्प्याचे असते. पुढे फायबर तुटली असेल, तरी ते पूर्णच दिसते. वीज गेली की राउटर बंद पडतो, टॉवर मात्र बॅटरीवर काही काळ चालतो.

राउटरच्या यादीत एकाच नावाची दोन नेटवर्क दिसतात, एकापुढे ‘५जी’ लिहिलेले. हे मोबाइलचे ५जी नव्हे, तर ५ गिगाहर्ट्झ. ही लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते, पण बाजारपेठेत तिच्यावर गर्दी होते, कारण त्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल जेमतेम तीन. जाड दगडी भिंत दोन्हींना जड जाते आणि पत्रा तर जवळपास अडवतोच. पत्र्याच्या शेडबाहेर राउटर ठेवून आत नेट शोधणे म्हणून व्यर्थ.

वेगाच्या आकड्यातही एक गल्लत होते. ४० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला ४० एमबी नव्हे, ५ एमबी. आठ बिट मिळून एक बाइट होते म्हणून. शिवाय तो वेग राउटरला जोडलेल्या सगळ्या फोनमध्ये वाटला जातो.

चौकात सार्वजनिक वायफाय येणार का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये ‘पीएम-वाणी’ला मान्यता दिली. चहाच्या टपरीवाल्यापासून किराणा दुकानदारापर्यंत कोणीही परवान्याविना वायफाय विकू शकतो, अशी ही योजना. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात २०२४ अखेर पीएम-वाणीचे हॉटस्पॉट तीन लाखांच्याही आत होते. मुख्य अडचण पैशाची होती. अशा दुकानदारांकडे कंपन्या महागड्या लीज्ड लाइनचा आग्रह धरत. जून २०२५ मध्ये ‘ट्राय’ने त्यावर मर्यादा घातली. आता २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येत नाही.

जिंतूरच्या बसस्थानकाजवळच्या दुकानदाराला हे गणित जमण्याजोगे आहे. गावाला रेल्वे नाही, त्यामुळे परभणी स्थानकासारखे रेल्वेचे वायफायही नाही. मात्र अशा हॉटस्पॉटवर अर्ज भरला, तरी ओटीपीसाठी सिमची रेंज किंवा वायफाय कॉलिंग लागणारच. आणि दुकानदाराने राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडला नसेल, तर भारनियमनाच्या वेळी तेही नेट बंद.